लिली लिमयेची पाठ

"काडी धर तोंडात," अण्णा लिली लिमयेला म्हणाले.

लिलीनं माझ्याकडं बघितलं. मी कोपऱ्यातल्या खराट्याकडं बघितलं. त्यातल्या त्यात सरळ अशी एक काडी मोडली, परकराला पुसली आणि तिच्यापुढं धरली.

"कशाला?" लिलीनं विचारलं.

"अंगावर कपडा शिवताना तोंडात काडी धरायची असते," पडद्यापलीकडून अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, आवाज आला. ते बाहेर भिंतीकडं तोंड करून उभे होते. आत एक मुलगी पाठ उघडी टाकून बसली असताना जेंट्स टेलरनं दुसरीकडं कुठंही बघायचं नसतं, असं त्यांचं मत होतं.

"आणि नाही धरली तर काय होतं?"

अण्णांनी विचार केला. "माहीत नाही. आमच्यात आजवर कुणी न धरता राहिलेलं नाही."

लिलीनं काडी दातात धरली. मी सुईत दोरा ओवला. बाहेर कोल्हापुरातल्या त्या हॉलमध्ये पाचशे माणसं बसली होती, आणि माझं पुढचं सगळं आयुष्य त्या मुलीच्या मानेपासून कमरेपर्यंत उघडं पडलं होतं. हे मी अलंकारिक म्हणत नाहीये. तसंच होतं.

लिली लिमये ही 'खसखस' नावाच्या विनोदी चित्रमासिकाची नायिका. वय सतरा, धंदा मॉडेलिंग. तिचं सतरावं वर्ष गेली सहा वर्षं चालू होतं. दर अंकात ती नवा फ्रॉक घालून फोटो काढायला जायची आणि कशात तरी पडायची. शेणात, रंगाच्या बादलीत, एकदा मंत्र्यांवर. पण पडली तरी केस विस्कटायचे नाहीत, आणि आमच्या कराडच्या कन्याशाळेतल्या मुलींना तिच्याबद्दल आदर वाटायचा तो मुख्यतः यासाठी.

तिचे फ्रॉक आम्ही ठरवायचो. म्हणजे वाचक. कार्डावर चित्र काढून पाठवायचं, पसंत पडलं तर लिली पुढच्या अंकात तोच फ्रॉक घालून पडायची आणि खाली छापून यायचं: 'पोशाख: कु. अमुक, मु. पो. तमुक.' शेवटच्या पानावर लिलीची कागदी बाहुली असायची. ती कापायची, फ्रॉक कापायचा, फ्रॉकच्या खांद्यांना दोन कागदी कान असायचे, ते बाहुलीच्या मागं दुमडायचे. झाली लिली तयार. फ्रॉक म्हणजे पुढची बाजू आणि दोन कान, अशी माझी सोळाव्या वर्षापर्यंत प्रामाणिक समजूत होती. टेलरच्या घरात जन्मून.

मी अकरा कार्डं काढली. एकही छापून आलं नाही. कार्डं पेटीत टाकायचं काम अण्णांचं, कारण पोस्ट दुकानाच्या वाटेवर. रोज संध्याकाळी मी विचारायची, "टाकलं का?" ते म्हणायचे, "झालं ते काम." बाराव्या कार्डावर मी जरा वजन यावं म्हणून दुकानाचा रबरी शिक्का मारला: रेळेकर जेंट्स टेलर्स, कराड. बारावं कार्ड छापून आलं.

कराडात दोन दिवस माझा रुबाब काही और होता. हेडबाईंनी वर्गात येऊन विचारलं, "रेळेकर कोण?" मी उभी राहिले. "बस," त्या म्हणाल्या आणि गेल्या. याहून मोठा सत्कार आमच्या शाळेत कुणाचा झालेला नव्हता.

मग दहावीची परीक्षा झाली आणि घरात दुसराच विषय निघाला. मला कोल्हापूरला चित्रकलेच्या शाळेत जायचं होतं. अण्णांचं म्हणणं, जूनपासून दुकानात बसून काजं-बटणं करायची. शाळांच्या गणवेशाचा हंगाम, तीनशे शर्ट, एका शर्टाला सहा काजं.

"चित्र काढून काय होतं?" अण्णा म्हणाले.

"छापून येतं."

"ते कुणी अंगात घालतं का?"

"लिली घालते."

"ती कागद आहे, उजू."

 याचं उत्तर आठवड्याभरात पोस्टानं आलं. दुकानाच्या नावानं पाकीट होतं, म्हणून अण्णांनीच फोडलं. 'खसखस'चा पंचाहत्तरावा अंक निघणार होता. त्यानिमित्त कोल्हापुरात समारंभ. त्यात साक्षात लिली लिमये रंगमंचावर येणार, आणि वाचकांनी सर्वांत जास्त पत्रं ज्या पोशाखाबद्दल पाठवली तो पोशाख घालून येणार. तो पोशाख माझा. 'आपले दुकानच असल्याचे शिक्क्यावरून दिसते, तरी आपणच शिवून आणावा,' असं संपादक माणगाव्यांनी लिहिलं होतं. खाली लिलीची मापं.

अण्णांनी पत्र दोनदा वाचलं. मापं तीनदा.

"लेडीज आपण शिवत नाही," ते म्हणाले.

"का पण?"

"बायकांना काय पाहिजे ते त्यांना माहीत असतं. पुरुषांना माहीत नसतं. ते बरं पडतं."

आई आतून म्हणाली, "पोरीचं नाव छापून आलंय. एवढं शिवा की. एक हाफ पँट कमी शिवली म्हणून कुणी उघडं फिरणार नाही."

अण्णा बराच वेळ मशीनचं चाक नुसतंच फिरवत बसले. मग म्हणाले, "ठरवू. फ्रॉक त्या मुलीच्या अंगावर चढला पाहिजे आणि न फाटता उतरला पाहिजे. तसं झालं तर कोल्हापूर. नाही तर काजं."

"चालेल," मी म्हणाले. फ्रॉक चढणार नाही असं कुठं असतं का?

लगेच त्यांनी मापांची वही काढली, कानावरची पेन्सिल घेतली आणि मला गिऱ्हाईकाच्या स्टुलावर बसवलं.

"रंग?"

"लाल. कॉलर काळी." 'खसखस' दोनच रंगांत छापायचे, त्यामुळं लिलीकडं तिसरा पर्याय नव्हता.

"कॉलर केवढी?"

"कानापर्यंत. घट्ट."

"कंबर?"

"एकदम घट्ट."

"मागं काय?"

"म्हणजे?"

"मागची बाजू. हुक, चेन, गुंड्या. काय?"

"काही नाही. एकदम कोरी. लिलीची पाठ आरशासारखी आहे."

"बघितलीस?"

"न बघता कळतं ते."

अण्णांनी माझ्याकडं जरा जास्त वेळ बघितलं. मग वहीत लिहिलं, 'मागे काही नाही', आणि वही माझ्यापुढं सरकवली. "सही कर."

ही त्यांची पद्धत होती. गिऱ्हाईकानं काही विचित्र मागितलं की सही घ्यायची. एका तलाठ्याला शर्टाला आतून चार खिसे हवे होते, त्याची सही होती. एकाला पँट एक पाय आखूड हवी होती, त्याचीही. मी आपली थाटात सही केली. सही करायचा तो आयुष्यातला पहिलाच प्रसंग.

फ्रॉक त्यांनी मला बघू दिला नाही. समारंभाच्या सकाळी एस्टीत बसलो तेव्हा तो वर्तमानपत्रात गुंडाळून त्यांच्या मांडीवर होता. "उघडलास तर घडी मोडेल," ते म्हणाले. कराड ते कोल्हापूर मी त्या पुडक्याकडं बघत होते. अण्णा खिडकीबाहेर बघत होते. मधे एकदा त्यांनी विचारलं, "उलटी होतीय का?" मी नाही म्हणाले. बाकी प्रवास गप्पांत गेला असं म्हणता येणार नाही.

साक्षात लिली लिमयेचं खरं नाव वैजयंती माणगावे. संपादकांची पुतणी, भालाफेकीत जिल्ह्यात दुसरी. दंड माझ्या मांडीएवढे आणि तोंड अखंड चालू.

"तूच का ती पोशाखवाली? मस्त आहे गं. मी तीन वाक्यं पाठ केलीत. 'मी लिली. मी पडत नाही. मी पडण्याची फॅशन करते.' काकांनी लिहिलीत. हसू येतं का यात? मला नाही येत. भाला फेकायला सांगितला असता तर जास्त हसले असते लोक."

मी रंगपटात पुडकं सोडलं. फ्रॉक माझ्या चित्रातून उतरल्यासारखा होता. लाल साटीन, काळी उभी कॉलर, घेराला आठ कळ्या. खाकी शिवणाऱ्या हातांनी हे केलं यावर विश्वास बसेना. मी तो उलटा केला. मानेपासून कमरेपर्यंत पाठ दोन फाकांत सताड उघडी होती.

"अण्णा," मी पडद्याकडं तोंड करून म्हणाले, "मागचं शिवायचं राहिलंय."

"राहिलेलं नाही."

"उघडं आहे सगळं."

"मग ती आत कशी जाणार?"

मी फ्रॉककडं बघितलं. कॉलर इतकी अरुंद की डोकं जाणं शक्य नाही. कंबर इतकी घट्ट की खालून खांदे येणं शक्य नाही. माझ्या डोक्यात पहिल्यांदाच ती कागदी बाहुली उलटी झाली. मागं दोन दुमडलेले कान आणि कोरा कागद.

"मग हुक लावायचे ना तुम्ही."

"मागं काही नाही, असं गिऱ्हाईकानं सांगितलंय. सही आहे."

"आता हो काय करायचं?"

पडद्याच्या फटीतून एक हात आत आला. हातात सुई आणि लाल दोऱ्याचं रीळ. "ती आत गेली की बंद कर," अण्णा म्हणाले.

म्हणून काडी.

मी शिवायला लागले. काजं करायची नाहीत म्हणून घर डोक्यावर घेतलेली मुलगी, आणि हातात सुई.  वैजयंतीला तोंडात काडी असताना गप्प बसणं जड जात होतं, ते तिच्या खांद्यांवरून कळत होतं.

"टाका लांब पडतोय," बाहेरून अण्णा.

"तुम्हाला कसं कळलं?"

"दोऱ्याचा आवाज."

मी टाके आखूड केले. तेवढ्यात बाहेर आणखी कुणीतरी येऊन उभं राहिलं.

"इथं पाठ चाललीय म्हणे," एक घोगरा आवाज म्हणाला. "मी चिपरीकर. लिली मीच काढतो."

मी फटीतून बघितलं. सहा वर्षं मला वाटायचं लिलीचा चित्रकार म्हणजे लांब केसांचा, गॉगलवाला माणूस. हे साठीचे गृहस्थ होते, डोक्याला टोपी, खिशाला तीन पेनं. पाटबंधारे खात्यात कालव्यांचे नकाशे काढून निवृत्त झालेले. लिलीचे केस विस्कटत का नाहीत ते मला त्याच क्षणी कळलं. तो कालवा होता.

तेही अण्णांच्या शेजारी भिंतीकडं तोंड करून उभे राहिले.

"मागून कशी दिसते हो ती?" त्यांनी हळूच विचारलं.

"मी बघितलेलं नाही," अण्णा म्हणाले.

"मीही नाही. पाठ मला जमतच नाही. नकाशाला पाठ नसते. म्हणून ती कायम पुढंच बघते. सहा वर्षांत एकदाही वळू दिली नाही तिला. लोकांना वाटतं तोरा आहे."

"आमचंही पुढंच उघडतं सगळं," अण्णा म्हणाले. "शर्ट, पँट."

 दोन कारागीर एकमेकांना इतके समजलेले मी पुन्हा कधी बघितले नाहीत.

कमरेपाशी चार बोटं उरली असताना लाउडस्पीकरवर माणगाव्यांचा आवाज आला. "आणि आता, ज्या क्षणाची आपण वाट पाहत होता!"

"अजून चार बोटं!" मी ओरडले.

वैजयंती उठली. काकांनी हाक मारली की निघायचं, एवढं तिला पक्कं माहीत होतं. ती चालायला लागली. तिच्या पाठीत दोरा, दोऱ्याच्या टोकाला सुई, सुई माझ्या हातात, आणि दोरा हातभर. सोडली तर सुई लोंबकळणार आणि उसवत जाणार. मी सोडली नाही. अशा रीतीनं मी वयाच्या सोळाव्या वर्षी प्रथमच रंगमंचावर पाऊल ठेवलं. वाकून.

टाळ्या कडाडल्या. मग हळूहळू थांबल्या, कारण लोकांना लिलीच्या मागून मी दिसले.

लिली मधोमध उभी राहिली. माणगावे माइक घेऊन थांबले. तिनं तीन वाक्यं म्हणायची होती. तिनं काडी या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात नेली आणि लोकांकडं बघत राहिली.

"बोल की," माणगावे कुजबुजले. माइकमधून ते पाचशे लोकांना ऐकू गेलं.

लिलीनं मान हलवली आणि बोटानं मागं दाखवलं.

माणगावे हुशार माणूस. वाकून माझ्याकडं बघितलं, सुईकडं बघितलं आणि माइकमध्ये म्हणाले, "मंडळी, ह्या कुमारी उज्ज्वला रेळेकर. ह्यांचाच हा पोशाख. शेवटचे टाके त्या आपल्यासमोर घालणार आहेत. मुंबईतसुद्धा असं अजून कुणी केलेलं नाही."

मी गुडघे टेकले आणि टाका घातला. कुणीतरी एक टाळी वाजवली. दुसरा टाका घातला, पुढच्या दोन रांगांनी वाजवल्या. तिसऱ्यापासून अख्खा हॉल टाके मोजायला लागला. सतराव्या टाक्याला चार बोटं संपली. मी गाठ मारली आणि दातानं दोरा तोडला.

लिलीनं काडी तोंडातून काढली, काकांच्या हातात दिली आणि लांब श्वास घेऊन म्हणाली, "आई गं, किती वेळ."

ती तीन वाक्यं राहूनच गेली. हॉल इतका हसत होता की गरजही नव्हती. जाताना पाठ दाखवायची नाही म्हणून ती उलटी चालत गेली, आणि विंगेत चिपरीकरांवर पडली. केस विस्कटले नाहीत.

आता राहिलं उतरवणं.

मी भीतीपोटी टाके इतके बारीक घातले होते की एकेक करून सगळे उसवायला सव्वा तास लागला. बसली तर साटीन फाटेल म्हणून वैजयंती उभीच होती. उभ्या उभ्या तिनं चार बटाटेवडे खाल्ले आणि आंतरशालेय भालाफेकीत तिच्यावर कसा अन्याय झाला ते सगळं सांगितलं. या वेळी काडी नव्हती. उसवताना काडी लागते का, असं मी विचारलं होतं. अण्णा म्हणाले, त्याबद्दल काही सांगून ठेवलेलं नाही.

फ्रॉक उतरला. मी तो पडद्याबाहेर दिला. अण्णांनी उजेडात धरला, पाठीच्या दोन्ही कडांवरून अंगठा फिरवला. कुठं सूतभरही फाटलेलं नव्हतं. 

"टाका पक्का आहे," ते म्हणाले.

मग फ्रॉकची घडी घालत, घडीकडंच बघत: "ती चित्रकलेची शाळा कुठं आहे, माणगाव्यांना विचारून घे. आलोच आहोत तर बघून जाऊ."

पुढच्या अंकात लिली लिमये तोंडात काडी धरून आली. वाचकांना फार आवडलं. कन्याशाळेत निम्म्या मुली काड्या चावत फिरायला लागल्या आणि हेडबाईंना फळ्यावर सूचना लिहावी लागली. चित्राखाली छापलं होतं: 'पोशाख: कु. उज्ज्वला रेळेकर, कराड. काडी: श्री. सदाशिव रेळेकर, कराड.' अण्णांनी ते कापून कटिंगच्या टेबलावरच्या काचेखाली ठेवलं. कुणी विचारलं तर म्हणायचे, "नुसती काच बरी दिसत नाही. पाठीमागं काहीतरी लागतं."

याला आता सदतीस वर्षं झाली. पैकी तीस वर्षं मी नाटकांचे पोशाख करतेय. कोणताही पोशाख आधी मागून काढते. विद्यार्थ्यांना वाटतं ही काहीतरी शैली आहे.

परवा अण्णांनी दुकान बंद केलं. मी आवरायला गेले होते. मापांच्या वह्या रद्दीत घालताना एकीतून कार्डं गळून पडली. मोजली, अकरा होती. अकराही माझी. प्रत्येकावर लाल-निळ्या पेन्सिलीनं अण्णांच्या अक्षरात काहीतरी. 'काखेत धरेल.' 'बसता येणार नाही.' 'घेर चाकात जाईल.' 'कापड पुरणार नाही.' एकावर नुसतंच, 'हे काय आहे?'

अण्णा आरामखुर्चीत चहा पीत होते. मी कार्डं त्यांच्यापुढं धरली.

"ही तुम्ही टाकलीच नाहीत."

त्यांनी चष्मा लावून एकेक बघितलं. "शिवता येण्यासारखी नव्हती."

"ते चित्र होतं, अण्णा. ती कागद होती. तुम्हीच म्हणायचा."

"नाव आपलं जाणार होतं ना खाली."

"आणि बारावं का टाकलं?"

"त्यात चूक सापडली नाही."

 त्यांनी बशीत चहा ओतला.

"त्याला आत शिरायला जागा नव्हती," मी म्हणाले.

"ते मला शिवताना कळलं. तोवर मीही पुढूनच बघत होतो." त्यांनी चहाचा घोट घेतला. "आणि तुझी सही होऊन बसली होती."

 मग त्यांनी गठ्ठ्यातून एक कार्ड वेगळं काढलं. 'काखेत धरेल'वालं. लांब धरून बघितलं, जवळ धरून बघितलं.

"काखेत एक चौकोनी तुकडा घातला असता तर बसलं असतं हे," ते म्हणाले. "तेव्हा मला येत नव्हतं. आपण घालू. मागं काय ह्याच्या?"

मी कार्ड उलटलं. मागं माझ्या सोळाव्या वर्षाच्या अक्षरात 'खसखस'चा पत्ता होता, आणि कोपऱ्यात पोस्टाचा शिक्का न बसलेलं कोरं तिकीट.

"मागं काही नाही," मी म्हणाले.

अण्णांनी रद्दीतली वही ओढली, एक कोरं पान काढलं आणि माझ्यापुढं सरकवलं.

"सही कर."